पाइप नवा आहे म्हणून कुणी बघितलाच नाही: अण्णांच्या पद्मिनीचं प्रकरण

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, पांढऱ्याचा आता सायीसारखा झालेला रंग. मालक अण्णा, मोहोळ तालुक्यातले, ऊस आणि थोडी द्राक्षं, सोलापुरात जुळे सोलापूरला घर. गाडी त्यांच्या वडिलांची, नंबर लावून वाट बघून घेतलेली, त्यामुळं विकायचा विषयच निघत नाही घरात. दरवर्षी नवरात्रात तुळजापूरला हीच गाडी जाते, बाकीच्या दोन नव्या गाड्या दारात उभ्या असल्या तरी.

तर मागच्या नवरात्रात ती तामलवाडीच्या पुढं घाट चढताना बंद पडली. धक्के मारले, खोकली, गप्प. दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेवलं, सेल्फ मारला, चालू. वर पोचले. येताना उतारावर काही नाही, पण सोलापूरजवळच्या बाळे गावाच्या अलीकडं जरा पळवली की परत तेच. माझ्याकडं येईपर्यंत या गोष्टीला चार महिने होऊन गेले होते आणि गाडी तीन मिस्त्र्यांच्या हाताखालून गेली होती. तिघांनीही कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारं यंत्र, उघडला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण सगळी गंमत यातच आहे.

माझी ओळख एवढीच की दिवसा मी मोटार रिवाइंडिंगची कामं करतो आणि संध्याकाळी जुन्या गाड्यांत हात काळे करतो. सोबत चाचा असतात, आयुष्यभर फियाट आणि अँबेसेडरवर काम केलेले, आता डोळ्यांनी कमी दिसतं पण बोटांनी जेटचं, म्हणजे कार्बोरेटरमधे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तुकड्याचं, भोक मोकळं आहे की नाही ते सांगतात. अण्णा गाडी लावून म्हणाले, "तिघांनी बगितलं, साफ केलं की आठ-दहा दिवस झकास चालतीय, मग परत घाटातच बंद पडायलीय बग."

आठ-दहा दिवस झकास. हे ऐकून मला तिथंच थांबायला पाहिजे होतं. थांबलो नाही. ते पुढं सांगतो.

आधी तक्रार नीट ऐकून घेतली, चहा घेत घेत, आणि वहीत लिहून घेतली, कारण मालक माणूस सगळं सांगतो पण कामाचं मधेच कुठंतरी सांगून जातो. गाडी सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. उभ्या जागी तासभर चालवली तरी बंद पडत नाही. सात रस्त्याच्या ट्रॅफिकमधे अडकली तरी नाही. मोकळ्या रस्त्याला पन्नास-साठच्या वर बारा-पंधरा मिनिटं पळाली की झटके मारते, चढ असला तर लवकर. आणि शेवटी जाता जाता म्हणाले, गड्ड्याच्या यात्रेला रात्री पोरांना घेऊन आलो होतो तेव्हा पण पुणे रोडला बंद पडली.

आता सोलापुरात जुनी गाडी गरम होऊन बंद पडली की सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, व्हेपर लॉक. बरोबरच आहे, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत इंजिनवरच्या पंपाच्या डोक्यातच पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफेला ढकलत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं, हा इथला जुना उपाय आणि तो चालतो. पहिल्या मिस्त्रीनं तेच सांगितलं होतं, अण्णा चार महिने गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं घेऊन फिरत होते. पण गड्ड्याची यात्रा संक्रांतीला असते. जानेवारीच्या रात्री व्हेपर लॉक? आणि व्हेपर लॉकचा स्वभाव उलटा आहे, तो गाडी हळू असताना, ट्रॅफिकमधे, किंवा गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी परत चालू करताना जास्त त्रास देतो, कारण तेव्हा बॉनेटखाली वारा नसतो. ही गाडी तर पळताना उपाशी मरत होती आणि उभी असताना पोट भरून बसत होती. म्हणजे पेट्रोल येत होतं, पण पुरेसं येत नव्हतं.

हे सगळं आता लिहायला सोपं आहे. त्या दिवशी मी काय केलं तर चौथा माणूस म्हणून कार्बोरेटरच उघडला.

सोलेक्सचा सिंगल बॅरल, वरून खाली हवा घेणारा. वरच्या झाकणाच्या स्क्रूच्या खाचा आधीच्या लोकांनी खाऊन टाकल्या होत्या, एक तर ड्रिलनं काढावा लागला. सुरू करायच्या आधी बॅटरीचं टर्मिनल काढलं, आग विझवायचा सिलिंडर जवळ आणला आणि चाचांची बिडी बाहेर पाठवली, चाचांसकट. झाकण काढलं तर फ्लोटच्या वाटीत, जिथं पेट्रोल साठतं आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी राखतो, तळाला दोन गोष्टी. एक पांढरी भुकटी, कडेला चिकटलेली, ती जस्ताच्या मिश्रधातूवर पाणी बसल्याची. दुसरे काळे कण, मोहरीपेक्षा बारीक, बोटानं चिरडले तर डांबरासारखे पसरणारे. स्लो जेट, म्हणजे गाडी उभ्या जागी स्लोवर चालताना पेट्रोल देणारा, अर्धा बंद. मी म्हणलं सापडलं. कार्ब क्लीनर, हवेचा फवारा, जेटमधे तार घालायची नाही कारण पितळ मऊ असतं आणि भोक एकदा वाढलं की गेलं. वाटीत येणारं पेट्रोल बंद-चालू करणाऱ्या निडल व्हॉल्वच्या टोकावर रिंग पडलेली, तो बदलला. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला, बुडबुडे आले नाहीत म्हणजे भोक नाही. अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, पापडासारखा कडक झालेला, किटमधला घातला.

कार्बोरेटर इंजिनवर बसतो ती खालची फ्लँज स्टीलच्या पट्टीवर धरली तर मधे प्रकाश दिसला, फट मोजायच्या फीलर गेजची ०.१५ मिलीमीटरची पाती आरामात जात होती. तिघांनी तीनदा नट आवळून आवळून कान वाकवले होते. जाड काचेवर एमरी पेपर ठेवून, तेल टाकून, आठ आकडा काढत घासली. पाऊण तास गेला पण सपाट झाली. थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, शाफ्टला थोडा हल (ढिलेपणा) होता, तो मात्र सोडून दिला, स्लो चालू असताना त्यावर क्लीनर मारल्यावर इंजिनचा आवाज अगदी थोडा बदलला, त्यासाठी बुश बसवणं हे वेगळं काम आहे.

सगळं जोडलं, मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं बसवून दीड फेरा बाहेर, स्लो सेट केला, गाडी अशी चालली की स्टीअरिंगवर रुपया उभा राहील. अण्णा खुश, मी खुश.

अकराव्या दिवशी फोन. होटगी रोडला उभा आहे म्हणाले.

चाचा त्या दिवशी पहिल्यांदा नीट बोलले. "बेटा, तू कारबेटर साफ केलास, बरं केलास. पण कचरा काय कारबेटरमधे पिकतो का?" मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आठ-दहा दिवस झकास, मग परत. म्हणजे काहीतरी रोज थोडं थोडं कचरा पुरवत होतं, आणि आम्ही चौघं जण नळ चालू ठेवून फरशी पुसत होतो. पण फिल्टर तर होता, पारदर्शक प्लास्टिकचा, आणि चकाचक होता, एक कण नाही. याच फिल्टरमुळं सगळे फसले होते. टाकी साफ, फिल्टर साफ, म्हणजे पेट्रोल साफ. कुणी हे बघितलं नव्हतं की फिल्टर आहे कुठं. तो खालून येणाऱ्या लोखंडी पाइपच्या तोंडाला होता, त्याच्यानंतर वीतभर रबरी पाइप, मग इंजिनवरचा डायफ्रामचा पंप, मग अजून एक छोटा पाइप आणि कार्बोरेटर. फिल्टरच्या पुढं जे काही झडेल ते थेट वाटीत. पंपाच्या टोपणाखाली बारीक जाळी असते, ती कुणीतरी काढून टाकली होती, बहुतेक चोकअप होती म्हणून.

आता अंदाजावर काही उघडायचं नाही असं ठरवलं. मोजायचं. चाचांची जुनी पद्धत म्हणजे सलाईन लावणे. बाटली बॉनेटच्या वर टांगायची, तिची नळी थेट कार्बोरेटरला, पेट्रोल आपल्या वजनानं उतरतं, पंपाची गरज नाही. आम्ही त्यात एक भर घातली, इंजिन सलाईनवर चालवायचं आणि पंपाची बाहेरची नळी कार्बोरेटरऐवजी लांब पाइपनं बाहेर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात सोडायची. कॅमशाफ्ट पंपाला हलवत राहतो, आणि पंप मिनिटाला किती पेट्रोल टाकतो ते सरळ मापात दिसतं. हे करताना डबा सायलेन्सरपासून लांब, उघड्यावर, आणि एक माणूस फक्त डब्यावर लक्ष ठेवायला. तेवढा माणूस नसेल तर करू नका.

थंड इंजिन, साधारण दोन हजार आरपीएम, मिनिटात पाऊण लिटरच्या आसपास. उत्तम. मग इंजिन वीस मिनिटं तसंच चालू ठेवलं, सलाईनच्या बाटल्या बदलत. सलाईनवर ते एकदाही अडखळलं नाही, म्हणजे ठिणगी पाडणारे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि माझा साफ केलेला कार्बोरेटर हे सगळे निदान उभ्या जागी तरी सुटले. आणि परत मोजलं तर मिनिटाला पन्नास-साठ मिली. तेही फेसाळ.

आता हिशोब करा. ही गाडी साठच्या वेगाला लिटरला बारा देते धरलं तर तासाला पाच लिटर लागतात, म्हणजे मिनिटाला ऐंशी मिलीच्या थोडं वर. घाटात त्याहून बरंच जास्त. उभ्या जागी स्लोला तासाला लिटरभर, मिनिटाला पंधरा-वीस मिली. पन्नास-साठ मिली येतंय. म्हणून उभी चालते, ट्रॅफिकमधे चालते, पळताना वाटीतलं पेट्रोल संपतं. मला हे आकडे वहीत लिहिताना इतकं बरं वाटलं की विचारू नका, चार महिन्यांची तक्रार एका ओळीत बसली.

मग एकेक तुकडा बदलत गेलो. टाकीचं झाकण उघडं ठेवून मोजलं, तेवढंच, म्हणजे टाकीचा श्वास बंद नाही. मग पंपाला टाकीऐवजी शेजारच्या कॅनमधून नव्या पाइपनं पेट्रोल दिलं, गरम इंजिन तसंच. पाऊण लिटर! म्हणजे पंप ठणठणीत, आणि गरमपणाचाही दोष नाही, नाहीतर आत्ता पण वाफ झाली असती. राहिली लोखंडी लाइन आणि वीतभर रबर. मी लाइनमधे हवा मारायला कंप्रेसर चालू करायला निघालो तर चाचा म्हणाले, थांब, तोच जुना पाइप कॅनला लाव. लावला. पहिलं मिनिट ठीक, तिसऱ्या मिनिटाला डब्यातली धार करंगळीएवढी झाली.

तो पाइप बाहेरून बघितला तर कुणीही पास करेल. काळा, चकचकीत, मऊ, एक चीर नाही, एक थेंब गळत नाही. २०२३ मधे बदललेला, अण्णांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "पाइप सगळे नवेच आहेत." त्यामुळं चौघांपैकी एकानंही त्याच्याकडं बघितलं नव्हतं. मी ब्लेडनं उभा चिरला. आतला थर फुगून सुटला होता आणि एका बाजूनं जिभेसारखा लोंबत होता. पंपानं ओढ घेतली की ती जीभ आडवी पडून भोक झाकायची, जितकी ओढ जास्त तितकी घट्ट. इंजिनच्या उष्णतेनं रबर नरम पडलं की लवकर. गाडी बंद केली, ओढ गेली, जीभ जागेवर. म्हणून दहा मिनिटांत "आपोआप बरी" व्हायची. आणि त्या जिभेच्या कडा झिजून जे काळे कण निघत होते ते पंपातून वाटीत, वाटीतून स्लो जेटमधे. एकाच वीतभर पाइपनं दोन आजार दिले होते, आणि कार्बोरेटर साफ केला की त्यातला एक आठ दिवस बरा व्हायचा, म्हणून सगळ्यांना वाटायचं की आजार कार्बोरेटरचाच.

ओढीच्या बाजूचा पाइप हा असा फसवा असतो. पंपाच्या पुढचा पाइप फाटला तर पेट्रोल बाहेर येतं, वास येतो, दिसतं. पंपाच्या आधीचा बिघडला तर बाहेर काही येत नाही, तो एकतर हवा घेतो नाहीतर आतून मिटतो. रेडिएटरचा खालचा होज पण याच जातीचा, वरचा दाबून बघतात सगळे, खालचा वाकून कोण बघणार.

आता दोन वर्षांत पाइप आतून का सुटला? चाचांनी पाइप हातात धरल्या धरल्या सांगितलं की हा पेट्रोलचा नाहीच, हवेचा नाहीतर पाण्याचा आहे. त्यावर काही छापलेलं नव्हतं. दुकानदारानं मापाचा दिला, मिस्त्रीनं बसवला. दुसरं कारण पेट्रोलमधेच. १०० मिलीचं मोजपात्र घेतलं, ५० मिली पाणी, ५० मिली अण्णांच्या टाकीतलं पेट्रोल, हलवून ठेवलं. खालचा थर ५० वरून ६० च्या जवळ चढला. पेट्रोलमधे आता इथेनॉल, म्हणजे उसापासून बनणारं अल्कोहोल, मिसळलेलं असतं, ते पेट्रोल सोडून पाण्यात जातं, म्हणजे पन्नासात दहा, २० टक्के. देशात या मिश्रणानं जून २०२२ मधे सरासरी १० टक्क्यांची मजल गाठली, २०२५ मधे २० टक्क्यांची. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे पाइप-सील हे त्या हिशोबानंच बनतात. १९८४ च्या गाडीला कोण विचारतो. इथेनॉल काही रबरांना फुगवतं, जुन्या टाकीतला गाळ सोडवतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी असली की ते पाणी वाटीच्या तळाला बसून जस्ताला खातं, तीच ती पांढरी भुकटी.

हे ऐकून अण्णा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हंजे माझ्याच उसानं माझी गाडी बंद पाडली की बे." ऊस कारखान्याला, कारखान्याची डिस्टिलरी, तिथनं इथेनॉल, आणि ते फिरून त्यांच्याच टाकीत. हसलो आम्ही खूप. पण खरं सांगायचं तर निम्मा दोष इथेनॉलचा आणि निम्मा त्या चुकीच्या पाइपचा, आणि मला विचाराल तर पाइपचा जास्त. बरोबर पाइप असता तर हेच पेट्रोल गपगुमान गेलं असतं.

बदलताना पाइपवर एसएई जे-३० आर-९ (इंधनाच्या पाइपचं मानक) छापलेला घेतला, त्याच्या आतला थर फ्लुओरो रबरचा असतो, इथेनॉलला दाद देत नाही. सोलापुरात पहिल्या तीन दुकानांत "पेट्रोलचाच आहे की" म्हणून कोरा पाइप पुढं केला, शेवटी पुण्याहून मागवला. साध्याच्या चार-पाच पट पैसे, पण लागतो किती, टाकीजवळचा, फिल्टरजवळचा, पंपाच्या पुढचा मिळून दीड मीटर. पाइप ज्या नळीवर चढतो ते निपल व्हर्नियरनं मोजून घ्या, लहान मापाचा पाइप गरम पाण्यात घालून ताणून बसवणारे लोक आहेत, तो पुढं टोकाला चिरतो. क्लिपा पण बदलल्या, खाचेच्या पट्टीवाली होज क्लिप पाइप कातरते, कडा वळवलेली नट-बोल्टवाली घेतली. पंपाचा डायफ्राम चांगला होता तरी किट घातलं, कारण तो पण जुन्या रबराचा, आणि तो फाटला तर पेट्रोल सरळ इंजिनच्या ऑइलमधे उतरतं. डिपस्टिकचा वास घेतला, पेट्रोलचा नव्हता. जाळी परत बसवली, आणि एक जादा फिल्टर पंपानंतर टाकला, म्हणजे पुढं काय झडतंय ते दिसेल.

एक गोष्ट राहिली होती. स्पार्क प्लग काढले तर पांढरट, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त पाहिजे, नुसत्या पेट्रोलला वजनानं एका भागाला १४.७ भाग हवा, २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. फरक साधारण आठ टक्के. मेन जेटवर, म्हणजे पळताना पेट्रोल देणाऱ्या जेटवर, १२० कोरलं होतं, सोलेक्सचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास मिलीमीटरच्या शंभराव्या भागात, १.२०. आठ टक्के वाढवायचं ते क्षेत्रफळ, व्यास नाही, इथं बरेच जण चुकतात. १२५ घातला की क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. १२५ घातला. दोनशे किलोमीटरनंतर प्लग फिकट बिस्किटाच्या रंगाचे.

चाचणीला तुळजापूरच. दुपारी दोन वाजता मुद्दाम निघालो, ऊन असू दे म्हणून. चाचा पुढं, अण्णा चालवायला, मी मागे कान लावून. तामलवाडी गेली, घाट लागला, अण्णांचा हात सवयीनं पाण्याच्या बाटलीकडं गेला. तिसऱ्या गिअरवर चढली, वर जाऊन पण स्लो सोडला नाही. दर्शन घेतलं, येताना रस्त्यात भजी खाल्ली, घरी.

तीन महिन्यांनी वाटी उघडून बघितली. काळा कण एक नाही, पंपानंतरचा फिल्टर स्वच्छ. पांढरी भुकटी मात्र किंचित परत आली आहे, म्हणून अण्णांना सांगितलंय की गाडी पंधरा दिवसांच्या वर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवा. त्यांनी रेडिएटरचा खालचा होज पण बदलून घेतला, मी काही न सांगता. थ्रॉटल शाफ्टचा हल तसाच आहे, एमआयडीसीत लेथवर पितळी बुश करून देतो म्हणालेत एक जण, दिवाळीनंतर कार्बोरेटर परत एकदा टेबलावर येईल.